भिंतीतली पोमोना

रोमच्या राज्यातल्या नुकेरिया गावात घर रंगवायचं निघालं की लोक आधी रंगाऱ्याचं नाव विचारत, मग गवंड्याचं. चुना कुणाचा, हे विचारायचं बहुतेकांना सुचतच नसे. स्पेंदूसाचं सगळं आयुष्य त्या न सुचलेल्या प्रश्नात गेलं होतं. पंचावन्न वर्षांची, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. चुन्याने हाताची कातडी इतकी सुकलेली की मूठ वळली की बारीक रेघांचं जाळं दिसायचं. गावात तिला नुसतं ‘चुनेवाली’ म्हणत, आणि तीही त्या नावाला ओ देई.

ती कुणाच्या पोटची, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. साल्वियुस नावाच्या गिलावेवाल्याला ती उकिरड्याच्या कडेला टोपलीत सापडली होती. त्याने तिला घरी आणलं आणि दासी म्हणून वाढवलं. आठव्या वर्षी ती चुन्याच्या खड्ड्यावर उभी राहिली. कळीचा चुना पाण्यात पडला की कसा खदखदतो, तो तीन वर्षं मुरावा का लागतो, फावडं बुडवून काढल्यावर तो लोण्यासारखा चिकटून आला तरच कसा घ्यायचा, हे तिने खेळण्यांऐवजी शिकून घेतलं. साल्वियुसला मुलगा नव्हता. “पोरीची जात आहे, पण हात गवंड्याचा आहे,” असं तो लोकांना सांगायचा, आणि मग कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघायचा. तिशीला त्याने तिला गुलामीतून मोकळं केलं, आणि रीतीप्रमाणे आपल्या नावावरून साल्विया हे नाव दिलं. दामा नावाच्या गवंड्याशी तिने संसार मांडला. तोही मोकळा झालेला गुलाम, शब्दाला कंजूष आणि कामाला चोख. साल्वियुस गेल्यावर चुन्याचे खड्डे तिच्याकडे आले. पण गिलावेवाल्यांच्या मंडळाच्या यादीत तिचं नाव कधी चढलं नाही. मंडळाच्या जेवणाला ती मागल्या दाराने भांडी पोचवायला जायची, तेवढाच तिचा संबंध.

फेब्रुवारीत भूकंप झाला. नुकेरियात कमी मेले, पण भिंती मात्र घरोघरी फाटल्या. बांधकामं पाहणारा नगराधिकारी माणसं घेऊन गल्लीगल्लीतून फिरला आणि धोक्याच्या भिंतींवर कोळशाने फुल्या मारत गेला. त्यातली एक फुली कालावियाबाईंच्या जेवणघराच्या भिंतीवर पडली. भिंत कच्च्या विटांची, जुनी. वीतभर बाहेर गल्लीत झुकली होती. दहा दिवसांत पाडा, असा हुकूम झाला.

कालावियाबाई एकसष्ट वर्षांच्या विधवा. घर सोडायची त्यांची तयारी होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला, स्ताबिया वेशीजवळ, भाच्याचं घर रिकामं होतं. पण त्या भिंतीवर एक चित्र होतं. पोमोना, फळझाडांची देवी, सफरचंदांनी भरलेली ओटी सावरत बागेच्या दारात उभी. एक्केचाळीस वर्षांपूर्वी नेआपोलिसहून आलेल्या अरिस्तो नावाच्या ग्रीक रंगाऱ्याने ते काढलं होतं, आणि देवीला चेहरा दिला होता तो घरात नव्याने आलेल्या वीस वर्षांच्या कालावियाचा. अरिस्तो केव्हाच वारला होता. चित्र मात्र नुकेरियाची शान होती. दुसऱ्या गावचे पाहुणे जेवणाच्या निमित्ताने ते पाहून जात.

बाईंनी गावातल्या मातब्बर रंगाऱ्याला, फिलोकालुसला, बोलावून घेतलं. तो आला, हात मागे बांधून चित्रासमोर उभा राहिला.

“बाईसाहेब, काळजी सोडा,” तो म्हणाला. “नव्या घरात मी हुबेहूब काढून देतो. खरं सांगू का, याहून चांगलं काढून देतो. हा डावा हात जरा लांब झालाय अरिस्तोचा.”

“मला चांगलं नकोय,” कालावियाबाई म्हणाल्या. “मला मी हवीय. मी वीस वर्षांची आहे अशी जगात ही एकच जागा उरली आहे.”

“मग भिंत उचलून न्या,” फिलोकालुस हसत म्हणाला.

तो गेला. मग त्यांनी स्पेंदूसाला निरोप धाडला.

निरोप तिलाच का, हे दोघींनाच माहीत होतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी ते चित्र काढलं गेलं त्या दिवशी साल्वियुस तापाने फणफणत होता, आणि संगमरवराच्या भुकटीचे शेवटचे तीन थर चौदा वर्षांच्या स्पेंदूसाने एकटीने दिले होते. ओल्या गिलाव्यावर अरिस्तोचा कुंचला तिच्या पाठोपाठ फिरत होता. नवी नवरी कालाविया समोर तासन् तास ओटी धरून उभी होती, आणि तिला पाणी पाजायचं काम गिलावा लावता लावता स्पेंदूसाच करत होती.

“होईल का गं?” बाईंनी विचारलं.

स्पेंदूसा भिंतीजवळ गेली आणि बोटाच्या पेराने हळू हळू टिचक्या मारत राहिली. देवीच्या कपाळावर, गळ्याशी, ओटीवर. आवाज भरीव येत होता. डाव्या गुडघ्याजवळ मात्र तो बदलला. मडक्यावर वाजवावं तसा पोकळ आला. तिने पुन्हा वाजवून पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“काय झालं?”

“इथे गिलावा भिंतीपासून सुटलाय, बाईसाहेब. वीतभर जागा. भूकंपाने नाही सुटला. मी लावला तेव्हाच नीट बसला नव्हता.” तिने बोट तिथेच टेकवलं. “त्या दिवशी भूक लागली होती मला. खालचा थर पुरता ओला न करताच पुढे गेले. रंगात झाकून गेलं, म्हणून कुणाला कळलं नाही.”

कालावियाबाईंना हसू आलं. “एक्केचाळीस वर्षं माझा गुडघा हवेत होता म्हणायचा.”

“मी भिंत कापून काढते,” स्पेंदूसा म्हणाली. “सगळी नाही, चित्रापुरती. फुटलं तर शिव्या द्या. पण पाडणारे कुदळी घेऊन आले तर नक्की फुटेल, एवढं खरं.”

दामाला तिने घरी जाऊन सांगितलं तेव्हा तो भाकरीबरोबर ऑलिव्ह खात होता. त्याने तोंडातली बी काढून ताटाच्या कडेला ठेवली.

“कधी केलंयस का असं?”

“नाही.”

“केलेलं पाहिलंयस?”

“साल्वियुस सांगायचा. फार पूर्वी ग्रीकांकडची चित्रं भिंतीसकट कापून रोमला आणली होती म्हणे.”

“साल्वियुस असंही सांगायचा की त्याने एकदा लांडग्याला नुसत्या बोलण्याने परतवलं.” दामाने दुसरं ऑलिव्ह उचललं. “टेकू किती लागतील?”

ती त्याची हो म्हणायची रीत होती.

पहिले दोन दिवस तिने त्या पोकळ जागेवरच घालवले. गुडघ्याच्या खाली, अंगरख्याच्या गडद घडीत, सुईएवढं भोक पाडलं आणि हंसाच्या पिसाच्या नळीतून चुन्याचं पातळ दूध थेंब थेंब आत सोडलं. दूध मुरे, मग पुन्हा थेंब. दामाने तोवर गल्लीच्या बाजूने तिरके टेकू लावून भिंत आहे तिथे रोखून धरली. तिसऱ्या दिवशी स्पेंदूसाने चित्रावर जुनं, मऊ झालेलं जवसाच्या धाग्याचं कापड पसरलं, त्यावर पिंजलेल्या लोकरीचा थर, आणि त्यावर फळ्या. सगळं एका लाकडी चौकटीत घट्ट आवळलं. देवी अशी अंथरुणात गुरफटून गेल्यावर ती बाहेर गल्लीत गेली आणि मागच्या विटा एकेक करून काढायला लागली.

गल्लीत बघे जमले. भूकंपानंतर लोकांना हसायला काही हवंच होतं. कुणी म्हणालं, चुनेवाली भिंतीच्या उवा बघतेय. फिलोकालुसही एकदा आला.

“म्हातारे, काय चाललंय?”

“तूच सुचवलंस ना, उचलून न्या म्हणून.”

“मी थट्टा केली होती.”

“मला थट्टा कळत नाही. लहानपणी कुणी शिकवली नाही.”

त्याने मागून भिंतीतलं भगदाड पाहिलं. विटा काढून, उरलेल्या तासून तिने चित्रामागे चार बोटं जाडीची माती ठेवली होती आणि तिच्यावर चुना आणि बकरीच्या केसांचा लेप चढवला होता. फिलोकालुसच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं कमी झालं. “आडवी करून गाडीत घालशील तर बैल पहिल्या गचक्यालाच तिचे दोन तुकडे करतील,” तो म्हणाला.

“आडवी करणारच नाही. गिलावा आडवा झाला की आपल्याच वजनाने मधोमध मोडतो. ती उभी जन्मली, उभीच जाईल.”

फिलोकालुस निघाला. जाताना एकदा वळून त्याने टेकू मोजले.

सातव्या दिवशी दुपारी चौकटीच्या तीन बाजू करवतीने कापून झाल्या होत्या. प्रत्येक कापलेल्या फटीत लाकडी पट्ट्या आणि लोखंडी पकडी बसवल्या होत्या. खालची बाजू तेवढी राहिली होती. स्पेंदूसा खोलीत गुडघ्यांवर बसून तिथे करवत घालत असताना जमीन पुन्हा हलली.

मोठा धक्का नव्हता. गावात नंतर लोक म्हणाले की वाडग्यातलं पाणीसुद्धा सांडलं नाही. पण त्या भिंतीला तेवढाही पुष्कळ होता. वरून विटा सुटल्या. गल्लीतले बघे पळाले. खोलीतून चौकटीला लावलेला एक टेकू करकरला आणि सरकला, आणि चित्राची चौकट वरच्या बाजूने हातभर खोलीत कलली. दामा धावत आत आला.

“सोड ते, बाहेर ये.”

स्पेंदूसाने पाठ चौकटीला लावली होती आणि पाय समोरच्या उंबरठ्याच्या दगडाला रोवले होते. “पाचर दे,” ती म्हणाली.

“छत येईल डोक्यावर.”

“यायचं असतं तर आलं असतं. पाचर दे, दामा.”

त्याने पाचर दिली नाही. तो स्वतःच तिच्या शेजारी पाठ लावून बसला, आणि मग दोघांच्या मधल्या फटीतून हात घालून त्याने पाचर ठोकली. एक, दोन, तीन ठोके. चौकट थांबली. वरून माती गळत राहिली, दोघांच्या केसांत आणि डोळ्यांत. ती बंद झाल्यावरही बराच वेळ दोघं तसेच पाठीला भार घेऊन बसून राहिले. उठल्याबरोबर स्पेंदूसा चौकटीकडे वळली. तिने चौकटीवर कान लावला आणि फळीवर टिचकी मारली, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे.

“काय म्हणते?” दामाने विचारलं.

“सगळीकडे भरीव.” ती हसली तेव्हा दातांवरही माती होती. “गुडघासुद्धा.”

संध्याकाळच्या आत खालची बाजू कापून झाली, आणि देवी भिंतीपासून मोकळी झाली.

नवव्या दिवशी सकाळी दारूबाजारातले आठ हमाल आले. त्यांचा मुकादम पाक्वियुस. मानेवर बैलासारखी गाठ आलेला, आणि जन्मात कुणाचं न ऐकलेला माणूस. चौकट दोन लांब वाशांना टांगली, चार खांदे पुढे, चार मागे. पाक्वियुसने नेहमीचं ओझ्याचं गाणं सुरू केलं आणि आठही जणांची पावलं एकदम पडू लागली. दहा पावलांत चौकट पाळण्यासारखी झुलायला लागली.

“थांबा,” स्पेंदूसा पुढे झाली. “गाणं बंद. आणि पावलं जुळवू नका.”

“मावशी, उभं आयुष्य पाऊल जुळवण्यात गेलं आमचं. न जुळवता चालायचं कसं?”

“दारू पिऊन घरी जाता तसं.”

हमाल हसले, पाक्वियुसही हसला, आणि ते खरंच तसे चालायला लागले. ज्याचं पाऊल त्याच्यापाशी. चौकट स्थिर झाली. स्पेंदूसा बाजूने चालत होती, एक हात लाकडावर. कालावियाबाई पालखीत बसायला तयार झाल्या नाहीत; काठी टेकत मागून पायी निघाल्या.

रस्ता काही सरळ नव्हता. रस्ता ओलांडायच्या उंच दगडांपाशी हमालांना एकेक करून चढावं उतरावं लागे, आणि तेवढा वेळ सगळा भार उरलेल्यांवर. कारंज्याजवळ पाणी सांडून दगड निसरडे झाले होते, तिथे एका कापडवाल्याने न सांगता आपली जाड कांबळी आणून पायाखाली अंथरली. आठ दिवस हसलेले लोक दारात येऊन उभे राहिले.  लोकर भरलेल्या त्या खोक्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं, आणि भूकंपानंतर त्या गावातून पहिल्यांदाच काहीतरी न फुटता चाललं होतं. हळूहळू लोक मागे चालू लागले. वेशीजवळ पोचेपर्यंत अर्धं गाव मागे होतं, आणि एका वळणावर खांदा बदलायची वेळ आली तेव्हा हमालांत आणखी एक माणूस घुसला. स्पेंदूसाने पाहिलं तर तो फिलोकालुस होता.

“रंगाऱ्याचा खांदा नाजूक असतो,” ती म्हणाली.

“बोलू नकोस. पुढे दगड आहे,” तो म्हणाला.

नव्या घरात दामाने कोनाडा तयार ठेवला होता. चित्र त्यात उतरवलं, मागे आणि भोवती स्पेंदूसाने आपल्या सगळ्यांत जुन्या खड्ड्यातला चुना भरला, कडेने संगमरवराच्या भुकटीचा थर ओढला आणि गारगोटीने घासून आसपासच्या भिंतीशी एकजीव केला. पाच दिवस कुणाला हात लावू दिला नाही. सहाव्या दिवशी कालावियाबाई खुर्ची टाकून समोर बसल्या. खोलीत दामा होता, पाक्वियुस होता, फिलोकालुस दारापाशी उभा होता, आणि खिडकीत कोण कोण डोकावत होतं त्याचा पत्ताच नव्हता.

स्पेंदूसाने फळ्या काढल्या. लोकर उचलली. कापड वरून सोडवत आणलं. ओटीपाशी ते चिकटलं. तिने कोमट पाण्यात बोटं बुडवून तेवढीच जागा भिजवली आणि ओढलं. कापडावर काही आलं नाही. सफरचंद तसंच लाल होतं.

आणि तिथे ती उभी होती, बागेच्या दारात, वीस वर्षांची, ओटी सावरत. जणू मागच्या रस्त्याने आत्ताच चालत आली होती.

कालावियाबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. मग स्वतःच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, “अशी होती होय. विसरलेच होते मी.” आणि त्या हसायला लागल्या, अशा मोकळ्या की खिडकीतले लोकही हसायला लागले. पाक्वियुसने तेवढ्यात डोळ्यात धूळ गेल्याचं जाहीर केलं.

फिलोकालुस भिंतीपाशी आला. नाक टेकेल इतका जवळ जाऊन त्याने कडेने बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा खालून वर.

“जोड कुठे आहे?” त्याने शेवटी विचारलं.

“तू रंगारी आहेस,” स्पेंदूसा म्हणाली. “डोळे तुला दिलेत देवांनी. शोध.”

तो शोधत राहिला. सापडला नाही. मग त्याने सगळ्यांदेखत तिला विचारलं की पुढच्या महिन्यापासून त्याच्या कामांवर गिलावा तिचा मिळेल का.  स्पेंदूसाने हातातलं कापड नीट घडी करून बाजूला ठेवलं.

“थर किती द्यायचे ते मी ठरवणार,” ती म्हणाली. “आणि रंग कधी सुरू करायचा तेही.”

“बरं.”

“आणि लोक विचारतील तेव्हा चुना कुणाचा ते तू सांगणार.”

“तेही बरं,” फिलोकालुस म्हणाला. एवढं त्याने आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं.

बातमी नुकेरियाबाहेर गेली. भूकंपाने तडकलेल्या भिंतींवर चांगली चित्रं बऱ्याच गावांत अडकून पडली होती. पुढच्या सहा वर्षांत स्पेंदूसाने अशी अकरा चित्रं कापून काढली. पुतेओलीला एका घरातून मासळीच्या बाजाराचं, एका देवळातून पंख असलेल्या विजयादेवीचं. कामाच्या निमित्ताने तिने पहिल्यांदा बंदर आणि जहाजं पाहिली. सलेर्नुमला एक फुटलं, ऐन उचलताना, तीन तुकडे झाले. त्याबद्दल तिने कधी सबब सांगितली नाही. भिंत पक्क्या विटांची होती आणि आपण घाई केली, एवढंच म्हणायची, आणि नंतर कुणी पक्क्या विटांचं काम घेऊन आलं तर दुप्पट दिवस मागून घ्यायची.

पण त्याआधी, त्याच वर्षी उन्हाळ्यात, गिलावेवाल्यांच्या मंडळाचं वार्षिक जेवण झालं. स्पेंदूसा सवयीप्रमाणे मागल्या दाराने आली. दारातच मंडळाच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने तिला अडवलं. यादी वाचून दाखवायची असते, तो म्हणाला, आणि यादीत यंदा एक नाव वाढलंय, साल्विया स्पेंदूसा, कारागीर. तेव्हा तिने पुढच्या दाराने यावं, नाहीतर मोजणीत घोळ होईल.

ती वळसा घालून पुढच्या दाराने आत गेली. कारागिरांचं बाकडं भरलेलं होतं. तिला बघून दामा, जो वीस वर्षं त्या बाकड्यावर बसत आला होता, सरकला. त्याच्या पलीकडचा सरकला. आणि अशी जागा झाली. डुकराचं मटण, मसूर, नवी दारू आली. कुणीतरी तिला विचारलं की तो पोमोनाचा चुना किती वर्षं मुरवलेला होता. विचारणाऱ्याला वाटलं, एक आकडा ऐकायला मिळेल. स्पेंदूसाने हातातला पाव खाली ठेवला, टेबलावर बोटाने खड्ड्याचा आकार काढला आणि सांगायला सुरुवात केली; आणि जेवण संपून दिवे लागायची वेळ झाली तरी ती सांगतच होती, आणि बाकड्यावरचं कुणी उठलं नव्हतं.